काहून मास्तर आणि बंद खोली

मे महिन्यातल्या नागपुरात लोकरीचा कोट घालून फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाहेर लू सुटलेली असायची, माणसं खिशात कांदा ठेवून आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळून भिंतीच्या कडेकडेने चालत असायची, आणि आमचे मास्तर सीताबर्डीच्या भर रस्त्यातून गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाड, काळपट कोट घालून सायकल रेटत यायचे. पोरं मागून ओरडायची, "मास्तर, थंडी वाजून राहिली काय?" मास्तर वळूनही बघत नसत. मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं, की हा माणूस ठार वेडा आहे आणि असल्या माणसाशेजारी आता आपल्याला दिवस काढायचे आहेत. माझं असं ठरवण्याचं काम नेहमीच जरा घाईचं असतं.

आमचं दुकान मोटारीच्या सामानाचं, रेडिओचं आणि बॅटऱ्यांचं. लढाई अजून सुरू व्हायची होती. शहरात वीज होती, पण शहराची शीव ओलांडली की कंदील. तरी गावच्या जमीनदारांना, म्हणजे मालगुजारांना, सावकारांना, एखाद्या हौशी हेडमास्तरला घरात रेडिओ हवा असे, आणि रेडिओला बॅटरी. ती उतरली की बैलगाडीतून नाही तर छोट्या रेल्वेने आमच्याकडे यायची, चार दिवस चार्जिंगला राहायची आणि परत जायची. दुकानाच्या मागच्या अंगाला एक लांबोडकी पत्र्याची खोली होती. तिथे हे काम चाले, आणि ते काम म्हणजे मास्तर. कोटाचं कारण मी महिनाभराने भीत भीत विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्या धोतराकडे बोट केलं. पाहतो तर निरीच्या घडीवर तिळाएवढी सात-आठ भोकं. "सुती कपड्याले तेजाब एका दिवसात खाते गा बाबू. लोकर खाताले त्याले मेहनत पडते," ते म्हणाले. बॅटरीतल्या ॲसिडला ते तेजाब म्हणत. धोतर लग्नातलं होतं. घरी बायकोने विचारलं तेव्हा मी उंदरावर ढकललं.

त्यांचं खरं नाव पगाराच्या पुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं. सारं गाव त्यांना 'काहून मास्तर' म्हणे. कोणी बिघडलेली बॅटरी परत घेऊन आला, की ते आधी तिच्याकडे बघत, मग आणणाऱ्याकडे, आणि म्हणत, "काहून?" म्हणजे का, कशामुळे. एवढंच. गिऱ्हाईक सांगे, बंद पडली. "काहून?" चालेना झाली. "काहून?" असं तीन-चार वेळा झालं की माणूस आपण होऊन खरं बोलू लागे: रात्रभर रेडिओ चालूच राहिला होता, पोराने वरून पाना आडवा टाकला होता, घाई होती म्हणून गिरणीवाल्याकडून दुप्पट विजेवर भरून घेतली होती. पोलीस ठाण्यातदेखील इतक्या लवकर कबुलीजबाब मिळत नसतील. मास्तर सगळं ऐकून घेत आणि कोणालाही रागावत नसत. मला मात्र रागावत.

त्याचं कारण असं, की बॅटरीबरोबर येणारं इंग्रजी गॅरंटीपत्र मी मराठीत उतरवून छापून घेत असे, आणि परत आलेल्या मालाचे कागदही मीच मुंबईच्या कंपनीला धाडत असे. एकदा धरमपेठेतल्या एका वकिलांची बॅटरी दोन महिन्यांत मेली. आत शिशाच्या पत्र्यांवर मातकट साय धरली होती. मास्तरांच्या चौथ्या 'काहून'ला वकीलसाहेब म्हणाले, "अहो, तुमच्याच कागदावर लिहिलंय, शुद्ध पाणी घालावे. आमच्या मातोश्रींनी देव्हाऱ्यातलं गंगाजल घातलं. त्याहून शुद्ध काय असतं?" वकील गेल्यावर मास्तर माझ्या टेबलापाशी आले. "शुद्ध म्हंजे कोणाचं शुद्ध गा? भटाचं का डाक्टरचं? डिस्टिल्ड लिहायले काय झालं होतं तुले?" मी म्हणालो, हा शब्द लोकांना कळणार नाही. "नाई कळला तं विचारतीन. शुद्ध कळला म्हनून कोनी विचारलंच नाई." तो कागद मी पुन्हा छापून घेतला. मनातून चिडलो होतो, कारण माझ्या मराठीचा मला बराच गर्व होता.

चार्जिंगचे त्यांचे काही नियम होते आणि ते देवपूजेसारखे क्रमाने चालत. आधी स्विच बंद, मग तारेचा चिमटा काढायचा. उलटं केलं की ठिणगी पडते. बॅटरी सावकाश भरायची. "भुकेल्या माणसाले एकदम पंगतीत बसवलं तं थो मरते," असं म्हणायचे. वरची बुचं सैल करून ठेवायची, पाणी पत्र्यांच्या वर बोटभर असलं पाहिजे. त्या खोलीत विडी ओढायची नाही, आणि विडी खिशात असेल तर तीही बाहेर ठेवायची. आमचे शेठजी मालक होते, पण त्यांचीसुद्धा आगपेटी मास्तर दारात काढून घेत. शेठजी हसत हसत देऊन टाकत.

पण सगळ्यात मोठा नियम खिडक्यांचा. उन्हाळ्यात आपल्याकडे काय करतात हे सांगायला नको. सकाळी नऊला दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, वाळ्याच्या ताट्या सोडायच्या, त्यांच्यावर पाणी मारायचं आणि संध्याकाळपर्यंत अंधारात पडून राहायचं. उघडी खिडकी दिसली की शेजारीपाजारी हाक मारून बंद करायला सांगतात. मास्तरांच्या खोलीला चार खिडक्या होत्या आणि चारींची तावदानं त्यांनी बिजागऱ्यांसकट उपटून टाकली होती. वैशाखात आत पाय ठेवला की भट्टीत शिरल्यागत व्हायचं. "बॅटरी भरत आली का उकळते," ते मला एकदा समजावत होते. "बुडबुडे येतात ना, त्यातून वायू निघते. थो दिसत नाई, त्याले वास नाई. खोली बंद असली तं वर छताले जाऊन बसते. मग एक ठिणगी लागते, बस." पूर्वी ते रेल्वेत होते. गाडीच्या डब्यांतल्या दिव्यांच्या बॅटऱ्या भरायच्या कामावर. तिथे त्यांच्या साथीदाराने पावसाची झड आत येते म्हणून खिडकी लावली आणि नंतर कंदील घेऊन आत गेला. "सेल नवा आनता येते. डोळा कुठून आनता? त्याची काही गॅरंटी नाई," एवढं बोलून त्यांनी तो विषय संपवला. त्या साथीदाराचं पुढे काय झालं, हे मी विचारलं नाही.

उमरेडच्या पलीकडच्या एका गावचे मालगुजार आमचं मोठं गिऱ्हाईक. दिलदार माणूस, मोठ्या आवाजात बोलणारा, आलेल्याला जेवल्याशिवाय न सोडणारा. त्यांनी घरात विजेचे दिवे लावायचं मनावर घेतलं. इंजिन, त्याला जोडलेला डायनॅमो, आणि वीज साठवायला काचेचे सोळा मोठाले सेल. इंजिन दिवसा चालवायचं, सेल भरून घ्यायचे, संध्याकाळी इंजिन बंद करून दिवे लावायचे. मांडणी करायला मास्तर गेले, हिशेबाला आणि कागदपत्रांना मी गेलो. इंजिनासाठी मालगुजारांनी अंगणात छपरी बांधली होती, पण सेलांसाठी त्यांनी घरातली सगळ्यात गार खोली काढून दिली. उत्तरेकडची, जाड भिंतींची, दोन लहान खिडक्यांची. एरवी तिथे लोणच्याच्या बरण्या असत. चांगल्या वस्तूला चांगली जागा, असा त्यांचा सरळ विचार.

मास्तर म्हणाले, "मालगुजारसाहेब, छपरीतच द्या जागा."

"छपरीत? एवढा महागाचा माल उन्हात ठेवू? लोक तोंडात शेण घालतील माह्या."

खूप घासाघीस झाली. शेवटी मास्तरांनी त्या दोन खिडक्यांची दारं काढायला लावली आणि इंजिन चालू असेल तेव्हा खोलीचं दार सताड उघडं राहील, आत दिवा-विडी काही जाणार नाही, असं बैठकीत सगळ्या पुरुषमाणसांसमोर कबूल करून घेतलं. माझं गॅरंटीपत्रही मी तिथे मोठ्याने वाचलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. परत येताना छोट्या रेल्वेत मास्तर खिडकीशी बसले. बाहेर पाहत म्हणाले, "त्या खोलीत कोनाचा तरी डोळा जाईन, बाबू." मला ते अशुभ बोलणं आवडलं नाही. मी म्हणालो, मास्तर, शुभ बोला. ते म्हणाले, "शुभ बोलून खिडकी उघडते काय?"

पुढच्या होळीच्या सुमाराला मालगुजार स्वतः दुकानात आले. मागे बैलगाडीत कडब्यात गुंडाळलेले दोन सेल, नमुन्याला आणलेले. बाकीचे चौदाही तसेच मेले होते. आणि वैशाखात त्यांच्या मुलीचं लग्न होतं. "वऱ्हाड मोठं आहे," ते म्हणाले, "मांडवात विजेचे दिवे लावतो म्हणून व्याह्यांले शब्द देऊन बसलो." मास्तरांनी सेल उजेडात धरला. पत्रे वाकले होते, तळाशी गाळ साचला होता. त्यांनी 'काहून' सुरू केलं आणि दिलदार माणसाने सगळं दिलदारपणे सांगून टाकलं. इंजिनावरचा गडी दिवसभर इंजिन चालवायचा, थांबवायचं कधी हे त्याला कळत नव्हतं. पाणी विहिरीचं. आणि गेल्या उन्हाळ्यात लू आत येते म्हणून खिडक्यांना पोती ठोकली होती, ती अजून तशीच होती.

मुंबईच्या कंपनीचा एक छापील कागद असे. त्यात 'परत येण्याचे कारण' असा रकाना आणि खाली चार्जिंगवाल्याची सही. मास्तरांनी आपल्या गोल गोल अक्षरात लिहिलं: इंजिन दिवसभर. पाणी विहिरीचं. खोली बंद. नवे सेल त्या खोलीत देऊ नये. सही केली आणि कागद माझ्या टेबलावर ठेवून जेवायला गेले.

शेठजींनी तो वाचला. ते वाईट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांनी मला आत बोलावलं. "बाबू, ये कागज बंबई गया तो गॅरंटी गई. मालगुजार के घर लड़की की शादी है. इतना पुराना आदमी." मी म्हणालो, मास्तर दुसरा कागद लिहिणार नाहीत. शेठजी माझ्याकडे बघत राहिले. "मास्तर क्यों लिखेंगे? लिखने के वास्ते तुम हो ना." मग म्हणाले, "घर में सब ठीक है? कौनसा महीना चल रहा है?" बायकोला नववा लागला होता. शेठजींनी ते मायेने विचारलं की आणखी कशाने, यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. त्या वेळी मात्र फार विचार केला नाही. कोरा कागद घेतला, रकान्यात 'पत्र्यांत मूळचा दोष' असं लिहिलं आणि खाली मास्तरांची गोल गोल सही केली. सोपी होती. मास्तरांचा कागद फाडून टाकला. उरलेला दिवस मी मान वर करून त्यांच्याशी बोललो नाही, आणि त्यांनी काही विचारलं नाही.

मुंबईने हुज्जत न घालता नवे सोळा सेल धाडले. ते आले तेव्हा मी रजेवर होतो. बायको माहेरी भंडाऱ्याला बाळंत झाली होती, मुलगा झाला होता. मी पेढे घेऊन परत आलो तेव्हा पेटारे उघडून झाले होते आणि मास्तर तेजाबाचं माप घेत होते. मी अंदाज घेत होतो, हे विचारतील का, की मुंबईवाल्यांनी असा कसा माल दिला. त्यांनी पेढा तोंडात टाकला, लेकरू कोणावर गेलंय ते विचारलं आणि म्हणाले, "लग्नाले मी जातो. आठ दिवस आंधीच." इतक्या वर्षांत त्यांनी कधी एक रजा घेतली नव्हती. शेठजी खूश झाले. मालगुजाराच्या घरचं कार्य, आपला माणूस तिथे हवाच. लग्नाच्या दोन दिवस आधी आहेर घेऊन मलाही धाडलं.

मी पोचलो तेव्हा मास्तर त्या खोलीच्या दारात पाट टाकून बसलेले, अंगात तो कोट. खिडक्यांवरची पोती त्यांनी काढून जाळून टाकली होती. सहा दिवस त्यांनी ती जागा सोडली नव्हती. जेवण तिथेच, झोपही तिथेच. वऱ्हाडातली पोरंसोरं येऊन त्यांच्याकडे बघून जात. मालगुजारांना त्याचं फार वाईट वाटत होतं. पाहुणा माणूस, वयाचा, असा उंबरठ्यावर तापत बसलेला. "मास्तर, बाप्पा, आत गार माजघरात येऊन पडा ना घटकाभर," असं ते दिवसातून चारदा म्हणत. मास्तर हात जोडत.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त सकाळचा होता, तो उरकला. संध्याकाळी वरात आणि मांडवात दिवे. इंजिन पहाटेपासून धडधडत होतं. तीनच्या सुमाराला शेवटची पंगत बसली तेव्हा मालगुजार स्वतः मास्तरांना घ्यायला आले. आज तरी तुम्ही पानावर बसल्याशिवाय मी जेवणार नाही, म्हणाले. मुलीच्या बापाचा शब्द, तो मोडायचा कसा? मास्तरांनी सेलांत तेजाब मापायची नळी घालून पाहिलं. भरत आले होते, उकळी फुटली होती, आणखी घटकाभराने इंजिन बंद करायचं होतं. मी म्हणालो, "चला मास्तर, दार-खिडक्या उघड्या आहेत, वारं वाहतंय, घटकाभराचा तर प्रश्न." हे मी म्हणालो. ते उठले. आठ दिवसांत पहिल्यांदा उठले.

पंगत मागच्या अंगणात होती. पुऱ्या, वांग्याची भाजी, बुंदी, कढी. मास्तर माझ्या शेजारी बसले आणि पटापट जेवू लागले. आग्रह करणारे हटत नव्हते. आम्ही तिकडे गेल्यावर मालगुजारांनी काय केलं, ते मला नंतर कळलं. त्यांना वाटलं, बिचाऱ्या मास्तरांनी आठ दिवस उन्हात काढलेत, आता जेवून येतील तर त्यांना खोली गार मिळावी. त्यांनी स्वतः गड्याकडून खिडक्यांना वाळ्याच्या ओल्या ताट्या लावून घेतल्या आणि दार ओढून घेतलं. माणसाने माणसासाठी याहून जास्त काय करावं?

बुंदीचा दुसरा फेरा आला तेव्हा मास्तरांचा हात थांबला. समोरच्या ओसरीवरून मालगुजारांच्या पत्नी, आम्ही त्यांना बाईसाहेब म्हणत असू, हातात तबक घेऊन चालल्या होत्या. शालू नेसलेल्या, मागे दोन सवाष्णी. तबकात हळदकुंकू, अक्षता आणि पेटवलेलं निरांजन. मी क्षणभर कौतुकाने पाहत राहिलो. नवी वस्तू घरात आली, आज पहिल्यांदा तिचा उजेड मांडवात पडणार, तर तिला ओवाळल्याशिवाय ती कोण वापरील? आपल्याकडे नवा पाटादेखील कुंकू लावल्याशिवाय वापरत नाहीत. आणि मग मी निरांजनाच्या ज्योतीकडे पाहिलं. दिवा आत न्यायचा नाही, हे आम्ही बैठकीत पुरुषांना सांगितलं होतं. वाचून दाखवलं होतं. पूजा बायका करतात, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मास्तर उष्ट्या हाताने उठले. पंगतीतून मधेच उठणं म्हणजे अन्नाचा आणि यजमानाचा अपमान, लोक "अहो, अहो" करत राहिले. ते पानांवरून उडी टाकून धावले. मी त्यांच्या मागे. ओसरीवर पोचलो तेव्हा बाईसाहेबांनी डाव्या हाताने दार आत लोटलं होतं. "वहिनी, थांबा," असं मास्तर म्हणाले, फार मोठ्यानेही नाही. त्यांनी त्यांना खांद्याला धरून मागे फिरवलं आणि आपली पाठ... पाठ नाही. पाठ केली असती तर कोट होता. निरांजन विझवायला ते तबकाकडे वळले होते, म्हणून त्यांचं तोंड दाराकडे होतं.

स्फोटाच्या आवाजाचं वर्णन मी करत नाही. इंजिन त्यानंतरही चालूच होतं, हे आठवतं, कारण ते बंद करायचं कोणाला सुचलं नाही. बाईसाहेबांच्या कपाळावरचे केस जळले, बाकी त्यांना ओरखडा नाही. मी मांडवातल्या रांजणातलं पाणी तांब्यावर तांबे मास्तरांच्या चेहऱ्यावर ओतत राहिलो. तेही "अजून, अजून" म्हणत होते. काच आणि तेजाब. दुसऱ्या दिवशी नागपुरात डॉक्टरांनी उजवा डोळा काढला. डाव्याला उजेड आहे की अंधार, एवढंच पुढे कळत राहिलं.

मालगुजार इस्पितळात आले. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, तो व्हरांड्यात बाकावर बसून राहिला. आत जायला त्यांना चार दिवस लागले. शेठजींनी मास्तरांचा इलाज केला, वर्षभर काही ना काही पाठवत राहिले. महिनाभरात मागच्या खोलीत एक नवा माणूस आला, चटपटीत, सुती सदऱ्यातला. ज्येष्ठाचं ऊन तापत होतं. त्याने पहिल्याच दिवशी मला विचारलं, या खिडक्यांची तावदानं कुठं ठेवलीत? मी सांगितलं, ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी मी शेठजींना राजीनामा दिला. त्यांनी कारण विचारलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

मास्तरांना कोणी नव्हतं. बायको कधीच गेली होती, मूलबाळ नाही. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात धाकटी बहीण होती, ती न्यायला आली. इतवारी स्टेशनावर मी पोचवायला गेलो. इस्पितळात मी रोज जात होतो, रोज ठरवत होतो आज सांगायचं, आणि रोज डाळिंब सोलून देऊन परत येत होतो. असला भित्रा माणूस मी. गाडी लागली, बहीण सामान लावायला आत गेली, तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "मास्तर, मुंबईला गेलेल्या कागदावर तुमची सही मी केली होती. तुमचा कागद मी फाडला."

 पट्टीखाली त्यांचा चेहरा कसा झाला ते मला दिसत नव्हतं.

"मालूम आहे गा मले," ते म्हणाले. "सेलांच्या पेटाऱ्यात त्या कागदाची नक्कल होती. तू रजेवर होता. मीच उघडला पेटारा. सही माही, अक्षर तुहं."

 मी विचारलं, "मग बोलला का नाहीत? माल परत का नाही धाडलात?"

"बोललो असतो तं शेठनं कोनाचं नाव सांगतलं असतं? तुही नोकरी गेली असती. लेकरू पाच दिवसाचं होतं तुहं." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "म्हनून तं मी लग्नाले गेलो. म्हटलं, आपनच बसून राहू त्या दारात. आठ दिवसाचा तं सवाल आहे."

बहिणीने त्यांना हाताला धरून वर घेतलं. खिडकीशी बसल्यावर ते म्हणाले, "जेवाले उठाले नव्हतं पाहिजे मी. थे चुकलंच माहं." शिट्टी झाली. मी गाडीबरोबर चार पावलं चाललो. ते तोंड माझ्या बाजूला करून विचारत होते, लेकराचं नाव काय ठेवलं, बारशाचं मले सांगतलंच नाई तू. मी नाव सांगितलं. चाकांच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

तो मुलगा आता कॉलेजात जातो. चांगला आहे, सरळ आहे, खोटं बोललेलं त्याला चालत नाही. परवा कुठल्याशा गोष्टीवरून मला म्हणाला, "बाबा, तुम्ही कधी कोणाचं वाईट केलं नसेल ना?" मी वर्तमानपत्र वाचत होतो, ते तसंच वाचत राहिलो.